डिस्ट्रिब्यूटरचं पॅकिंग: कागदाच्या एका चकतीसाठी गाडी भंगारात का घालायची?

नागपूरहून पुन्हा एकदा तुमच्या कानात हजर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे ऑफिसात मीटिंगमध्ये गुपचूप मोबाइल पाहून राहिले आहेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे काय तर' तेवढे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय एका ऐकणाऱ्याच्या मेसेजवरून आलाय. घरी आजोबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिनच्या बाजूने ऑइल गळतं. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल. घरचे म्हणतात, एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात देऊन टाका. सोबत फोटो पाठवलेत, आणि फोटोत ऑइल दिसतंय ते नेमकं डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी. आता फोटोवरून पक्कं निदान होत नाही, हे आधीच सांगतो. पण त्या जागी एक पॅकिंग असतं, कागदाचं, कॉर्कचं नाहीतर रबराचं, आणि ते बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही. म्हणून म्हटलं, भंगारवाल्याला फोन लावायच्या आधी हा भाग करूनच टाकू.

आधी शब्दाचं पाहू. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात. दुकानात आणि गॅरेजमध्ये म्हणतात 'पॅकिंग'. काउंटरवर जाऊन 'डिस्ट्रिब्यूटर बेस गॅस्केट' म्हणालात तर समोरचा भाऊ तुमच्याकडे पाहत राहील. 'डिस्ट्रिब्यूटरच्या खालचं पॅकिंग' म्हणा, लगेच कळतं.

डिस्ट्रिब्यूटर करतो काय?

आजच्या गाडीत स्पार्क कधी पडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या पेट्रोल गाडीत हे काम एक फिरणारा दांडा करायचा. इग्निशन कॉइल जास्त व्होल्टेजचा करंट तयार करते. डिस्ट्रिब्यूटर तो करंट चार प्लगना पाळीपाळीने वाटतो, पंगतीत वाढणारा फिरतो तसा. वरच्या टोपीत, म्हणजे कॅपमध्ये, मधून करंट येतो. आत फिरणारा रोटर तो एकेका वायरकडे देतो. त्याच्याखाली सीबी पॉइंट असतात, ते उघडले की स्पार्क पडतो.

हा दांडा फिरवतो कोण? इंजिनच्या आतली कॅमशाफ्ट. क्रँकच्या दोन फेऱ्यांना डिस्ट्रिब्यूटरची एक फेरी. म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं वरचं अर्धं अंग विजेचं आणि एकदम कोरडं, आणि खालचं टोक इंजिनच्या आत, जिथे ऑइल सतत उडत असतं. या दोन जगांच्या सीमेवर जे बसतं ते आपलं पॅकिंग. सॉफ्टवेअरवाल्यांनी याला दोन सिस्टिममधला इंटरफेस समजा. तो जागेवर असतो तोवर कोणाला आठवत नाही, आणि बिघडला की सगळे पाहायला येतात.

डिझेल गाडीवाल्यांनी हा भाग इथेच सोडला तरी चालेल. डिझेलमध्ये इंधन नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेटतं. स्पार्क नाही, म्हणून डिस्ट्रिब्यूटरही नाही.

सगळ्या गाड्यांत एकच पॅकिंग नसतं

आपल्याकडे घराघरात राहिलेल्या जुन्या पेट्रोल गाड्या मुख्यतः तीन. प्रीमियरची पद्मिनी, म्हणजे मूळची इटलीची फियाट ११०० डी, १०८९ सीसीची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर, मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री. जुन्या पेट्रोल मॉडेलमध्ये १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन. आणि क्वचित दिसणारी स्टँडर्ड हेरल्ड, मद्रासला बनलेली, मूळची ट्रायम्फ.

इंजिनाप्रमाणे सील करायची पद्धत बदलते. कुठे डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी कागदाचं सपाट पॅकिंग असतं. कुठे कॉर्कची चकती. कुठे डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याभोवती खाच असते आणि तिच्यात रबराची ओ-रिंग. एकाच मॉडेलमध्येही वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळा डिस्ट्रिब्यूटर लागलेला असू शकतो, आणि मधल्या चाळीस वर्षांत कोणीतरी दुसऱ्याच गाडीचा बसवलेला असू शकतो. म्हणून गाडीचं नाव सांगून पॅकिंग मागू नका. डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर कंपनीचं नाव आणि नंबर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, फोटो काढा, तो नंबर घेऊन जा.

यातली हेरल्ड तर फार शिकवून जाते. तिच्यात डिस्ट्रिब्यूटर एका छोट्या बैठकीवर बसतो, आणि बैठक व इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये कागदाची पॅकिंग असतात. ती नुसतं ऑइल अडवत नाहीत. त्यांच्या जाडीवरून आतल्या गिअरला वर-खाली हलायला किती जागा राहील हे ठरतं. ट्रायम्फच्या या इंजिनात ती जागा इंचाच्या हजाराव्या भागात ३ ते ७ हवी, म्हणजे साधारण ०.०८ ते ०.१८ मिलिमीटर. आपल्या प्रिंटरचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे एका कागदाइतका फरक पडला की मामला हाताबाहेर. पॅकिंग पातळ पडलं तर गिअर दाबला जाऊन झिजतो. जाड झालं तर गिअर वर-खाली नाचतो आणि टायमिंग डळमळतं. 'थोडं जाड असलं तर काय बिघडते' या वाक्याचं उत्तर हेच. एखादं पॅकिंग फक्त सील असतं, एखादं मापही असतं. आपलं कुठलं ते आधी शोधायचं.

ऑइल खरंच तिथूनच गळतंय का?

हात लावण्याआधी हे तपासा, कारण ऑइल वरून खाली ओघळतं आणि दोष खालच्याच्या माथी येतो.

इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्यूटरच्या भोवतीची जागा रॉकेल आणि ब्रशने पूर्ण स्वच्छ करा, वाळू द्या. मग बुडाभोवती थोडी टॅल्कम पावडर शिंपडा. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवा आणि बॉनेट उघडून पाहा. पावडरवर पहिला ओला डाग कुठे आला ते दिसतं. डाग वरून, टॅपेट कव्हरकडून आला असेल तर पॅकिंग निर्दोष आहे.

दुसरं म्हणजे कॅप उघडून आत पाहा. आत ऑइल असेल तर ते दांड्याच्या बाजूने वर चढलंय, म्हणजे बहुधा डिस्ट्रिब्यूटरमधला बुश झिजलाय. रोटर धरून आडवा हलवून पाहा. खुळखुळत असेल तर बुश करून घ्यावा लागेल. बाहेरचं पॅकिंग दहा वेळा बदललं तरी हे थांबणार नाही. अशा गाडीत पॉइंटचा गॅपही स्थिर राहत नाही, आणि गाडी मिसिंग मारते ती त्यामुळेच.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे ब्रीदर. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली इंजिनच्या पोटात येतोच. त्याला बाहेर जायला वाट म्हणून ब्रीदरची नळी असते. ती मळाने बुजली की आत दाब वाढतो आणि ऑइल जिथे फट मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं. आधी नळी साफ करा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर धुराचे झोत भकाभक येत असतील तर रिंगा थकल्या आहेत. मग नवीन पॅकिंग बसवाल, तर ऑइल दुसरी जागा शोधेल.

पॅकिंग मिळवायचं कुठून?

आता जरा मुंबईला जाऊ. पद्मिनीचे पार्ट इतकी वर्षं का मिळत होते? कारण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. पद्मिनीचं उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं, पण टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर रोज कोणाला तरी पॅकिंग लागायचं, म्हणून कोणीतरी ते बनवायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे गेली. बातम्यांमध्ये आठवणींचा पूर आला. पण आपल्यासारख्यांसाठी त्या बातमीचा अर्थ वेगळाच होता: या पार्टचं रोजचं गिऱ्हाईक संपलं. अॅम्बेसेडरही २०१४ मध्ये बंद झाली. आता जो जुना माल आहे तो आहे, पुढे कमीच होत जाणार.

माल शोधायला देशात ठरलेल्या जागा आहेत. मुंबईत कुर्ला, दिल्लीत कश्मीरी गेट, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मलिक बाजार. नागपूरहून कुठेही जायचं तर आपण मधोमध, तेवढं एक सुख! पण आधी गावातल्या जुन्या दुकानांत विचारा, आणि दुकानात मालकाचे वडील किंवा काका बसतात त्या वेळी जा. पोट्ट्याला कॉम्प्युटरवर सापडत नाही ते काकांना मागच्या फळीवर सापडतं.

जुना शिल्लक माल मिळाला तरी डोळे मिटून घेऊ नका. पाकिटातलं पॅकिंगही म्हातारं होतं. कॉर्क कोरड्या हवेत सुकतो, आक्रसतो, आणि वाकवला की तुटतो. आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पडलेल्या कॉर्कचं काय होत असेल, सांगायला नको. रबराची ओ-रिंग बोटांत दुमडून उजेडात धरा. बारीक चिरा दिसल्या तर परत द्या.

ओ-रिंगसाठी तर गाडीच्या दुकानाचीच गरज नाही. जिथे ट्रॅक्टर, जेसीबी, हायड्रॉलिकचं काम होतं तिथे सगळ्या मापांच्या ओ-रिंगा मिळतात. दोन मापं लागतात: आतला व्यास आणि रबराची जाडी. मात्र माप जुन्या रिंगवरून घेऊ नका, ती चपटी झालेली किंवा फुगलेली असते. धातूतली खाच व्हर्नियरने मोजा. साधी नायट्राइल रबराची रिंग ऑइलला चालते आणि साधारण १०० अंशांपर्यंत टिकते. जास्त गरम जागेला व्हायटॉनची घ्या, ती २०० अंशांच्या आसपास सहन करते.

नाही मिळालं तर? कापा की, भाऊ!

सपाट पॅकिंग घरी बनवता येतं, आणि मला वाटतं पुढच्या काळात हाच मुख्य रस्ता राहणार आहे. हार्डवेअरच्या दुकानात ऑइलला टिकणारा गॅस्केट पेपर शीटवर मिळतो, रबर मिसळलेला कॉर्कही मिळतो. वहीचा पुठ्ठा किंवा लग्नपत्रिका वापरू नका. दोन दिवसांत ऑइल पिऊन लगदा होतो.

जाडी ठरवताना जुनं पॅकिंग जिथे दाबलं गेलेलं नाही, म्हणजे कडेला बाहेर राहिलेल्या तुकड्यावर मोजा. दाबलेल्या जागी ते मूळ जाडीपेक्षा पातळ भरतं.

आकार काढायची जुनी रीत म्हणजे कागद धातूवर ठेवून कडेने हातोडीने हलके ठोकणे. ओतीव लोखंडावर ते चालून जातं. डिस्ट्रिब्यूटरचं अंग मात्र सहसा अॅल्युमिनियमचं असतं, त्याची कड दबते. त्यापेक्षा लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच करा. आकार लख्ख उमटतो. बोल्टची भोकं आधी पाडा, पंचने. बाहेरची कड नंतर कापा. उलटं केलंत तर भोक पाडताना अरुंद कड फाटते.

आपल्या पिढीसाठी आणखी एक वाट आहे. जुनं पॅकिंग स्कॅनरवर ठेवून स्कॅन करा, मोबाइलने फोटो काढू नका, कारण तिरक्या फोटोत माप बिघडतं. कुठल्याही ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून रेषा काढा, मूळ मापात साध्या कागदावर प्रिंट करून गाडीवर बसवून पाहा. जमलं की ती फाइल लेझर कटिंगवाल्याला द्या. आणि फाइल जपून ठेवा, तुमच्यासारखी गाडी असलेल्यांना पाठवा. पार्ट संपला तरी माप संपत नाही.

बसवताना: टायमिंगचा बॅकअप आधी

डिस्ट्रिब्यूटर काढायला लोक घाबरतात ते टायमिंगमुळे. घाबरायचं कारण नाही, फक्त काढण्याआधी सगळी स्थिती नोंदवून ठेवायची.

१. इंजिन थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्लगच्या चारही वायरींना टेप लावून १, २, ३, ४ लिहा. अॅम्बेसेडरच्या बीएमसी इंजिनचा स्पार्कचा क्रम १-३-४-२ आहे. पण तो पाठ असला तरी टेप लावाच.

२. कॅप काढा. इंजिन हाताने फिरवा, हँडल असेल तर हँडलने, नाहीतर टॉप गिअरमध्ये टाकून गाडी ढकलून. रोटर एक नंबरच्या वायरकडे तोंड करील आणि पुलीवरची टायमिंगची खूण जुळेल तिथे थांबा. फिरवायचं ते फक्त इंजिनच्या चालत्या दिशेने.

३. वरून आणि बाजूने फोटो काढा. डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर आणि ब्लॉकवर एकाच रेषेत ओरखडा मारा.

४. आता सगळ्यात महत्त्वाचं. बीएमसी इंजिनासारख्या ठिकाणी क्लॅम्पला दोन प्रकारचे बोल्ट असतात. एक चिमटा आवळणारा, तो सैल केला की डिस्ट्रिब्यूटर फिरतो आणि टायमिंग जातं. दुसरे, क्लॅम्पची पट्टी ब्लॉकला धरणारे. काढायचे ते हे दुसरे. चिमट्याच्या बोल्टला हातच लावायचा नाही. मग डिस्ट्रिब्यूटर क्लॅम्पसकट बाहेर येतो आणि तसाच परत बसतो.

५. डिस्ट्रिब्यूटर सरळ वर ओढा. खालच्या टोकाला चपटी जीभ असेल तर तो न फिरता निघतो. लुकासच्या अशा डिस्ट्रिब्यूटरवर ही जीभ मुद्दाम मध्यापासून थोडी बाजूला असते, म्हणजे उलटी बसतच नाही. पण टोकाला तिरप्या दातांचा गिअर असेल तर बाहेर येताना रोटर फिरतो. अशा वेळी दोन खुणा करा: सुरुवातीला रोटर कुठे होता, आणि निघाल्यावर कुठे थांबला. बसवताना दुसऱ्या खुणेपासून सुरुवात करायची, आत जाता जाता तो पहिल्या खुणेवर येतो.

६. भोकात स्वच्छ फडकं कोंबा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आता कोणी गाडी ढकलायची नाही, इंजिन फिरवायचं नाही.

७. जुनं पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पॉलिश पेपर नको, त्याची रेती इंजिनात जाते. फार जुन्या राखाडी शीटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलं करून काढा आणि मास्क लावा.

८. नवीन पॅकिंगला दोन्ही बाजूंनी ग्रीसचा पातळ हात पुरे. ओ-रिंगला थोडं ऑइल, म्हणजे सरकताना कापली जाणार नाही. सिलिकॉनची अख्खी नळी पिळायचा मोह आवरा. दाबल्यावर जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं, आणि आत पडलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिनला ऑइल मिळणार नाही.

९. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. कॉर्क जास्त आवळला की बाजूने फुगून फाटतो.

१०. शेवटी टायमिंग तपासा, खुणा जुळल्या असल्या तरी. बारा व्होल्टचा साधा बल्ब घ्या. एक वायर डिस्ट्रिब्यूटरच्या कॉइलकडून येणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. बॅटरी जोडून इग्निशन ऑन करा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवा. पॉइंट उघडताच बल्ब लागतो. त्या क्षणी टायमिंगची खूण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर हवी.

एवढा खटाटोप कशासाठी?

कागदावरही याला अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली, मोठे फेरबदल न केलेली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालवता येत नाही. अनेकांच्या घरच्या गाड्या या पन्नाशीच्या जवळ आल्या आहेत. नेमक्या अशा वेळी, गळतीला कंटाळून भंगारवाल्याला बोलावलं जातं.

गाडी ठेवायची की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न. जागा, पैसा, वेळ, सगळं पाहावं लागतं. कधीकधी देऊन टाकणंच शहाणपणाचं असतं, त्यात वाईट वाटायचं काही नाही. पण निर्णय गाडीची खरी अवस्था पाहून व्हावा, बुडाशी दिसलेल्या ऑइलच्या डागावरून नाही.

तर मेसेज करणाऱ्या भावाला माझं सांगणं एवढंच: या रविवारी फडकं, रॉकेल आणि टॅल्कम पावडर घे. पहिला डाग कुठे येतो ते पाह्य, फोटो काढ आणि पाठव. ब्रीदरची नळीही बघून घे. मग मेकॅनिकशी बोल, घरच्यांशी बोल. आणि ज्यांच्याकडे अशा पॅकिंगचं माप किंवा ड्रॉइंग आहे, त्यांनी डिस्ट्रिब्यूटरच्या नंबरासकट पाठवा. आलेली मापं पुढच्या भागात सगळ्यांसाठी वाचून दाखवतो. तोवर, येतो मंडळी!